मांडीवरचं कौल

"आणि ही कौलं, मंडळी, गुलामांच्या मांडीवर थापून घडवलेली आहेत!"

चर्चच्या छपरावरून ज्युरेमाने वाकून पाहिलं. खाली पिवळ्या शर्टातला कुरळ्या केसांचा गाइड, भोवती बारा पाहुणे. बाराही हळहळत होते. ब्राझीलमधल्या काशोएरा गावातल्या प्रत्येक गाइडचं हे लाडकं वाक्य. आठ महिने कौलं दुरुस्त करता करता तिने ते इतक्यांदा ऐकलं होतं, की तिच्या स्वप्नातसुद्धा कुणीतरी मांडी थोपटायचं.

आज मात्र डोकं फिरलं.

"अहो, पिवळा शर्ट! कौल पावणेदोन फुटांचं आहे. मांडी माणसाची होती की जिराफाची?"

तो वर बघून हसला. हसू छान होतं, म्हणून ती आणखीच चिडली.

"एव्हराल्दो म्हणतात मला. आणि बाई, तुम्ही माझी मांडी कुठे पाहिलीये!"

"दाखवा मग. उद्या आठला, दोना बेल्मिराच्या भट्टीवर."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आता माघार कशी घेणार?

आला बिचारा, अर्ध्या चड्डीत. सत्तरीच्या कुंभारीण दोना बेल्मिराने त्याच्या मांडीवर ओली माती थापली. "हलायचं नाही हं, बाळा. संध्याकाळपर्यंत वाळेल."

"संध्याकाळपर्यंत?"

"छपरावर अकरा हजार कौलं आहेत," ज्युरेमा म्हणाली. "सगळे गुलाम मांडी पसरून बसले होते, तर मळ्यातला ऊस कुणी तोडला?"

दहाला माती गुडघ्याखाली लोंबायला लागली. अकराला मांडीवरचे केस ओढले जाऊ लागले. मग एक कोंबडी येऊन मांडीवर बसली. तिला हाकलायचं तर हलावं लागणार... तो नुसता बघत राहिला.

"पणजी सांगायची ही गोष्ट," तो हळूच म्हणाला. "तिचे आजोबा इथेच गुलाम होते. तिच्याकडून आलेलं एवढंच आहे माझ्याकडे."

ज्युरेमाने पिशवीतून एक जुनं कौल काढून त्याच्यासमोर धरलं.

"लाकडी साचा असायचा. वरून ओल्या हाताने असं गुळगुळीत करायचे. बोटं दिसतात? ही अनामिका बघा, वाकडी. मोडली असणार, कुणी नीट बसवली नाही. अशी त्रेसष्ट कौलं सापडली मला. एकाचीही कड वाकडी नाही."

त्याने त्या रेघांवर बोटं ठेवली... आणि बराच वेळ उचलली नाहीत.

"शनिवारी छप्पर बंद होणार," ती म्हणाली. "ही कौलं पन्हळीसारखी उलटी बसतात, ही बाजू खाली जाईल. पुढची शंभर वर्षं कुणाला दिसायची नाही. सोमवारी मी साल्वादोर शहरातल्या कामावर. मागे उरणार काय, तर तुमचं तोंड! म्हणून जीव जळतो माझा. कळलं?"

"कळलं... आता ही माती काढता?"

माती निघाली. केसांसकट. किंकाळी नदीपलीकडे ऐकू गेली.

शनिवारी शेवटचं कौल तिच्या हातात होतं आणि खाली तो नवे पाहुणे घेऊन उभा राहिला.

"ही कौलं मांडीवर घडली, असं मी सहा वर्षं सांगत आलो. चूक होती ती. साच्यावर घडली. घडवणाऱ्यांत एकाची अनामिका मोडकी होती. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पण वरच्या बाईंनी त्याची त्रेसष्ट कौलं ओळखली. आठ महिने त्या त्याच्यामागे वेड्या झाल्यात. आता मला सांगा, दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या, इतक्या कसबी माणसापुढे माझा काय निभाव लागणार?"

"त्यांना विचारून तर बघा," एक म्हातारी पाहुणी म्हणाली.

"भीती वाटते हो. त्यांच्या हातात कायम कौल असतं."

"एव्हराल्दो!" ज्युरेमा धडाधड शिडी उतरली. "चारचौघांत? लाज नाही वाटत?" आणि हातातलं कौल तिने म्हातारीपुढे धरलं. "घ्या. बोटं ठेवून बघा. मग पुढे द्या."

कौल हातोहात फिरलं. शेवटी ते एव्हराल्दोकडे आलं. त्याने बोटं ठेवली, शेजारी तिनेही.

"दर रविवारी येईन ऐकायला," ती पुटपुटली. "एक शब्द जरी चुकलास ना, तर—"

"तर?"

तर काय, ते तिला सुचेना. त्याचाही राग आला. आणि त्या रागात तिने सगळ्या पाहुण्यांदेखत त्याचं चुंबन घेतलं.

म्हातारीने चष्मा पुसला. "हे रोजच्या फेरीत असतं का?"

"नाही," ज्युरेमा वैतागून म्हणाली. "यापुढे फक्त रविवारी."