वाढत्या अंगाची खोली

बसा. दिवा थोडा जवळ ओढते. एवढ्या कडेला टाके घालून झाले की तुमचा पडदा तयार. मघाशी म्हणालात ना, मुलीची खोली अशी करायचीय की ती मोठी झाली तरी पुरावी? ते ऐकलं आणि मला मिस्त्री आठवले. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. तुम्हीही ऐका आणि सोडून द्या.

मिस्त्री आणि मी वीस वर्षं जोडीनं कामं केली. लाकूड त्यांचं, कापड माझं. माणूस अबोल. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर त्यातली दोन लाकडाशी. पण हात असा, की त्यांच्या सांध्यात केस घालून दाखवा म्हणून पैज लावावी.

एकदा आम्हाला एका घरी बोलावणं आलं. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरचा दुसरा मजला. आई शाळेत गणित शिकवायची, वडील औषधाच्या दुकानात. आणि सात वर्षांची ठमी. आई म्हणाली, "हिचे कपडे मी वाढत्या अंगाचेच घेते. खोलीही तशीच हवी. दरवर्षी मोडतोड मला परवडणार नाही."

मिस्त्री चक्क हसले. त्यांनी आईबापांना काही विचारलं नाही. ठमीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"ठमाबाई, हात वर करा. आता लिहायला बसल्यासारखं बसा. बरं, रुसलात की कुठे जाता?"

"खिडकीत."

"मग तिथे बैठक हवी," ते मला म्हणाले. "गादी जाड शिवा. रुसवे लांबतात."

भिंतीवर बाहुल्या, फुलपाखरं काही नको म्हणाले. आज आवडतात, दहाव्या वर्षी त्यांचीच लाज वाटते. भिंती साध्या सायीच्या रंगाच्या ठेवल्या आणि एक लांब पट्टी ठोकली. जे आवडेल ते तिला टांगू दे, नावडेल ते काढू दे. पलंगाच्या दोन चौकटी, एकीत एक सरकणाऱ्या. ओढली की लांबी वाढली. टेबलाच्या पायांना भोकं आणि लाकडी खुंट्या. खुंटी काढायची, टेबल दोन बोटं उचलायचं, पुन्हा ठोकायची. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण पोरीचं पुढचं सगळं आयुष्य असं लाकडात विचार करून ठेवलेलं दुसरं काम मी पाहिलं नाही.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आम्ही दरवर्षी जायचो. मी पडदे बदलायचे, ते टेबल उचलायचे. तीन वर्षं असं चाललं. मग मिस्त्री गेले. काम करतानाच, रंधा हातात असताना.

चौथ्या वर्षी मी एकटीच गेले. म्हटलं, खुंट्या काय, मलाही काढता येतील. ठमीला टेबलाशी बसवलं आणि बघतच राहिले. कोपर अगदी बरोबर टेकत होतं. टेबल आधीच उचललेलं. वाकून पाहिलं, तर खुंट्या नव्या भोकांत होत्या. ती भोकं आधी नव्हतीच.

"तुम्हीच पाठवला होतात ना कुणी सुतार?" आईनं विचारलं.

मी ठमीकडे पाहिलं. ती म्हणाली, "कुणी दिसलं नाही. शाळेतून आले तेव्हा भुशाचा वास येत होता... बस."

खरं सांगू, भीतीआधी मला अभिमानच वाटला. भोकाची कड हातानं चाचपली. गुळगुळीत. दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हतंच.

पण पाचव्या वर्षी आईचा मला फोन आला. आवाजात धार होती. "हे काय करून ठेवलंय? खण डावीकडे, दिव्याचं बटण डावीकडे, कपाटाची मूठसुद्धा डावीकडे. माझी मुलगी उजव्या हाताची आहे."

मी गेले, पाहिलं. सगळं उलटं झालं होतं, आणि देखणं झालं होतं. मी म्हटलं, महिनाभर थांबा, दुसरा सुतार बघते.

तिसऱ्या आठवड्यात ठमी शाळेच्या जिन्यावरून पडली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. पुढचे चार महिने पोर डाव्या हातानं लिहायची, डाव्या हातानं जेवायची. त्या खोलीत तिला एकदाही कुणाला हाक मारावी लागली नाही.

आई माझ्या दुकानात आली. इथेच, तुम्ही बसलात तिथे बसली. गणिताची बाई ती, बोटांवर क्रम लावू लागली. "आधी खोली बदलली... मग हात मोडला," ती म्हणाली. "तुमच्या त्या मिस्त्रीला हे आधी कळतं, की तोच करतो?"

"मिस्त्रींनी मुंगीला कधी दुखवलं नाही," मी म्हटलं.

"मग अडवत का नाही? नुसतं माप घेतं... आणि तयारी करतं. मला ती खोली नको. मोडून टाका."

मोडायला म्हणूनच मी गेले. भर दुपारी, घरात कुणी नव्हतं. आधी पडदे काढावेत म्हणून स्टुलावर चढले. पाठ खोलीकडे, तोंड खिडकीकडे. खाली रस्त्यावर माणसं, सायकलींच्या घंट्या, सगळं नेहमीचं. आणि मागे लाकूड सरकल्याचा आवाज झाला. हळू. मेण लावलेली चौकट चौकटीतून सरकते तसा. मग ताज्या भुशाचा वास. इतका दाट, की नाकात हुळहुळलं. मग लाकडावर कानस घासल्याचा आवाज... थांबून थांबून, सावकाश, जणू कुणी मधेच बोट फिरवून बघतंय.

मी वळले नाही. वळवेना. पडदा मुठीत धरून एवढंच म्हटलं, "मिस्त्री... पोरीची आई घाबरलीय."

कानस थांबली. बराच वेळ काही नाही. पण माझ्या मागे कुणी श्वास घेत नव्हतं, हे मला कळत होतं. आणि मग पुन्हा सुरू झाली. घाई नाही, राग नाही. काम अर्धं सोडायची त्या माणसाला सवयच नव्हती.

आवाज बंद झाल्यावर मी उतरले. पलंग वीतभर लांब झाला होता. जमिनीवर भुशाचा कण नाही. मी टेप लावली, आकडा मनात ठेवला आणि संध्याकाळी घरची माणसं आल्यावर त्यांना म्हटलं, "मला हे मोडवत नाही. तुम्हाला मोडायचं तर दुसरा माणूस बघा."

त्यांनीही मोडली नाही. ठमीनंच मोडू दिली नाही. "ही खोली मला ओळखते," म्हणाली.

पोर उंच झाली. पाठ ताठ, चाल डौलदार. अठराव्या वर्षी तिची उंची भरली आणि मी तो मनातला आकडा काढला. पलंगात तिच्या टाचेपुढे बरोबर चार बोटं जागा उरत होती. त्यानंतर त्या खोलीत काही हललं नाही. ठमी शिकायला परगावी गेली. आई म्हणाली, "काम संपलं, गेला." मीही तसंच समजले. मिस्त्रींना मनातल्या मनात हात जोडले.

ही गोष्ट इथेच संपवत असे मी. परवापर्यंत.

परवा सकाळी दुकान उघडलं. कुलूप जसंच्या तसं. कापड बेतायचं माझं हे टेबल, तीस वर्षं मी उभ्यानं कात्री चालवते त्यावर. त्याचे चारही पाय कापून आखूड केलेले. कापल्या जागी मेण. खालची आडवी पट्टी काढून टाकलेली. मी खुर्ची ओढून बसले, तर कोपर अगदी बरोबर टेकलं.

मला काही झालेलं नाही हो. आजही दोन जिने चढून तुमच्या खिडकीचं माप घेतलं, तुम्ही पाहिलंतच.

हा घ्या पडदा. आणि जाताना दारात खाली बघा. उंबरठा होता तिथे... कसा सफाईनं तासून उतार केलाय. चाकांची खुर्ची वर घेताना जराही धक्का बसणार नाही.