प्रफुलच्या कडीची गाठ

लाइट गेली तर गेली. फोन खाली ठेव रंजीता, अन् तू बी लालसू. भुताची गोष्ट पाहिजे ना तुमाले? मी भूतबीत सांगत नाई. माह्या भाच्यासोबत, अतुलसोबत जे झालं ते सांगतो. पटलं तर ठेवा, नाई तर सोडून द्या.

दोन वर्षं झाली. पोळ्याची रात्र, म्हणजे अमावस. अतुल चंद्रपूरवरून आल्ता एका फोटोसाठी. आपल्या गावच्या शाळेत त्याच्यासोबत दहावीले होता तो हेमराज आषाढात आपल्या तलावात बुडून मेला होता. वर्गातल्या पोरांनी शाळेत श्रद्धांजली ठेवली होती, बॅनरवर लावाले फोटो पाहिजे होता.

हेमराज ढिवराचा पोरगा. वर्गात पोट्टे नाक दाबत, 'मच्छी आली' म्हणत. हा नुसता हासे. पण कोणाच्या दप्तराचा पट्टा तुटला का सारे त्याच्याकडंच जात. खिशात जाळ्याचा दोरा राहेच. डावखुरा होता, उलटी गाठ मारे, अन् ती कोणाच्या बापाले सुटत नव्हती. लई गुणाचा पोरगा. मले अजून वाईट वाटते.

त्याच्या मायनं, इंदिराबाईनं फोटो देल्ला. म्हणाली, "बापू, डोंग्यात दोन माणसं लागतात. एक डोंगा हाकलते, दुसरा जाळं टाकते. माह्या हेमराजचा डोंगा कोण हाकलत होता, एवढं विचारून दे मले."

डोंगा नेहमी प्रफुल हाकले. तो बी त्यायच्याच वर्गातला, हेमराजच्या बाकावरचा. पण तो म्हणे, मी त्या रात्री अहेरीले होतो. अहेरीले कोणाकडं, ते सांगत नव्हता. मातीले बी आला नाई. अतुलच्या डोक्यात तेच घोळत होतं. तसाच उठला अन् तलावाच्या पाळीनं प्रफुलच्या घराकडं निघाला.

दारादारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, ठेवून होते. तुमाले माहीतच आहे, पहाटे सूर्य निघाच्या आत ते शिवेवर फेकाचे, 'घेऊन जा गे मारबत' म्हणाचं. ज्याचे राह्यले त्याची पीडा घरातच राह्यते.

पाळीवर अतुलच्या मागं चपला वाजल्या. ओल्या चपला. चपक... चपक...

तो थांबला. त्या बी थांबल्या.

मागं कोणी नाई.

प्रफुलच्या दारापाशी आला. हाक मारली नाई. नुसती कडी वाजवली.

आतून आवाज आला. हळूच.

"हेमराज... आज बी आला का बे?"

अतुलचा हात कडीवरच राह्यला.

"मी ढकललं नाई... तू पडला... मी भेलो बे..."



अन् अतुलच्या खांद्यापाशी... मच्छीचा वास.

पळाला. चपला तिथीच सोडून. माह्या ओसरीवर येऊन पडला, फोटो छातीशी धरून.

आता मले सांगा, ढकललं नाई असं कोणी न विचारता सांगते का?

पहाटे सारं गाव मेढे घेऊन शिवेवर गेलं. प्रफुल आला नाई. उन्हं वर आली, तरी नाई. आमी गेलो. तो आतून दार ठोकून राह्यला होता. कडी बाहेरून बांधली होती. जाळ्याच्या दोऱ्यानं. उलटी गाठ.

अतुलनं नखं लावली. सुटली नाई. शेवटी मीच विळ्यानं दोरा कापला.

प्रफुल बाहेर आला. दारातल्या मेढ्यायकडं पाह्यलं, सूर्याकडं पाह्यलं, अन् खालीच बसला. इंदिराबाई समोर उभी होती.

"डोंगा कोण हाकलत होता, बापू?"

त्यानं हात वर केला. वर्गात हजेरीले करतात तसा.

पुढं तो गाव सोडून गेला. आता सिरोंच्याकडं कुठी तरी राह्यते म्हणतात. घर बंद आहे. गाठ कडीलेच राह्यली. औंदा भर उन्हाळ्यात, तलाव आटला तेव्हा, मी तिले हात लावून पाह्यला...

ओली होती.