स्लॅबच्या पाइपातले दोन हिसके

चूक कुशाबाची. आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचाराल तर तो वायरमनचं नाव घेईल. वायरमन म्हणजे उत्तम, माझा दोस्त. मी स्वतः तिथे नव्हतो. पण उत्तमने त्याच आठवड्यात मला सगळं सांगितलं, आणि बनवून सांगण्याइतकं डोकं त्याला नाही. लाइट येईपर्यंत ऐका. मध्ये कोणी हसायचं नाही.

परळची आमची बिल्डिंग सिमेंटची. डोक्यावर स्लॅब, आणि वायरी स्लॅबच्या पोटातल्या लोखंडी पाइपांतून गेलेल्या. दुसऱ्या माळ्यावरची कोपऱ्यातली खोली धोंडूची होती. धोंडू मिलमध्ये साचेवाला, म्हणजे साच्यावर, मागावर, कापड विणणारा. कुशाबा त्याचा चुलतभाऊ, त्याच मिलमधला, बायकोपोरासकट त्याच्याकडेच राहिलेला. संपाच्या दुसऱ्या वर्षी धोंडू त्या खोलीत मेला. कुशाबा म्हणाला, स्टुलावरून पडला. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. धोंडूच्या बायकोला, शांतीला, ‘मुंबईत एकटी बाई काय करणार’ म्हणत गावच्या एसटीत बसवलं. खोली कुशाबाकडे राहिली. एकानेही तोंड उघडलं नाही. आणि हेच लोक आम्हाला संस्कार शिकवतात.

एक्क्याण्णव साली कुशाबाच्या मुलाचं, रघुचं, लग्न ठरलं. फ्रिज घ्यायचा होता. खोलीतली अ‍ॅल्युमिनियमची जुनी वायर फ्रिजने जळाली असती, म्हणून रघुने उत्तमला तांब्याची वायर टाकायला बोलावलं. उत्तम दिवसा दुसरीकडे कामाला, त्यामुळे रात्रीच जमायचं. रात्र नेमकी दिव्यांच्या अवसेची. म्हणजे गटारी. अर्धी बिल्डिंग पिऊन आडवी झालेली. सुभद्राकाकूने, कुशाबाच्या बायकोने, समया-निरांजनं घासूनपुसून पाटावर लावली होती. उत्तमने मेन बंद केला, फ्यूजच्या ग्रिपा उपटून शर्टाच्या खिशात घातल्या आणि त्या दिव्यांच्या उजेडात काम सुरू केलं. ग्रिप खिशात असली की कोणी चुकून मेन ओढला तरी करंट येत नाही. त्याच्या उस्तादाने कानफटात मारून शिकवलेलं.

बाहेरच्या खोलीचं काम पटकन उरकलं. स्वयंपाकघराची पाळी आली तेव्हा खाटेवर बसलेला कुशाबा बोलला.

“तो पाइप रवांदे. भायेरून पट्टी मार.”

“बाबा, नवी सून येतेय,” रघु म्हणाला. “भिंतीवर वायरीच्या पट्ट्या दाखवायच्या तिला? पाइप चांगला आहे की.”

“मी सांगतंय तां ऐक.”

“का पण? कारण सांगा.”

कुशाबाने विडी पेटवली. सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पाइपातून वायर बदलायची तर दोन माणसं लागतात. जुन्या वायरीच्या एका टोकाला नवी वायर टेपने बांधायची. एकाने ती आत सोडायची, दुसऱ्याने पलीकडून जुनी ओढून घ्यायची. मध्ये भिंत, दिसत काही नाही, म्हणून वायरीलाच हिसके देऊन बोलायचं. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. उत्तमने स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही वायरींचा जोड स्वतः टेपने गुंडाळला, रघुला तिथे उभं केलं आणि बाहेर येऊन पंख्याच्या हुकाखाली स्टुलावर चढला.

दोन हिसके आले. उत्तमने ओढलं. वायर अशी आली की जणू पाइपाला आतून तेल लावलंय. पुन्हा दोन हिसके. पुन्हा ओढलं.

मग अडकली.

“रघ्या, सोड की!”

रघु दारात आला. हातात पाण्याचा तांब्या. “मी धरलीय कुठे? मी तर अजून सुरूच नाही केलं.”

उत्तमच्या मुठीतल्या वायरीला तेवढ्यात दोन हिसके बसले. रघु समोर उभा असताना.

“काका,” उत्तम म्हणाला, “वरच्या माळ्याची वायर येते का ह्या पाइपात?”

“काय नाय थंय. तू तुजा काम कर.”

“उंदीर असेल रे,” रघु हसला. “फाटली काय तुझी?” आणि परत आत गेला.

सुभद्राकाकू पाटाजवळ बसली होती. तिने पदर तोंडात धरला होता. उत्तमला ते तेव्हाच खटकलं, पण आपल्याकडे मोठ्यांना विचारायचं नसतं ना.

आता वायर उलटी जायला लागली. वर. उत्तमच्या बोटांतून सरकत, हळूहळू, पाइपात.

“उत्तम, एवढ्या जोरात ओढू नको,” आतून रघु ओरडला. “वायर हात कापतेय माझा.”

“मी ओढत नाहीये...”

उत्तमने स्टुलावरूनच दाराकडे मान वळवली.

“रघ्या?”

“मग हा कोण विचारतोय?”

“काय विचारतोय?”

“पाइपातून येतंय... ‘कुशा, मेन बंद हा मा?’” रघुचा आवाज पातळ झाला होता. “बाबा, तुम्हाला विचारतोय.”

कुशाबाची विडी खाली पडली. त्याने उचलली नाही.

“अहो,” सुभद्राकाकू म्हणाली. “खरं सांगा त्याला. आता तरी.”

“गप रव.”

“पोर आत उभा हा आपला! सांगा, मेन चालू होतो म्हणून!”

“गप रव म्हटलं ना!”

“बाबा... परत विचारतोय...”

“वायर सोड, रघ्या!” उत्तम स्टुलावरून उडी मारून धावला. “सोड!”

“सुटत नाही...”

उत्तम दारापर्यंत पोचला होता. रघु ओट्याला टेकून उभा, हात वर, मूठ वळलेली. पाइपाच्या तोंडाकडे बघत होता.

आणि मागून, खाटेवरून, कुशाबाने उत्तर दिलं. अगदी रोजच्या आवाजात.

“बंद हा.”

बल्ब लागले. घरातले सगळे. जे जोडलेले नव्हते, ज्यांच्या वायरी खाली लोंबत होत्या, तेही. पांढरेफटक. ग्रिपा उत्तमच्या खिशात होत्या. त्याने छातीवर हात ठेवून चाचपल्या.

मग अंधार. पाटावरचे दिवेही गेले.

आत काहीतरी पडलं.

उत्तमने किंचाळून बिल्डिंग जागी केली. वर आले ते झिंगलेले म्हातारे. कोणी रघुच्या तोंडात पाणी घालत होता, कोणी उत्तमची कॉलर धरत होता. अंधारात एकटी सुभद्राकाकू नवऱ्यासमोर उभी राहून बोलत होती, आणि जिन्यातल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. “धोंडू त्या पाइपात वायर घालत होतो, तेव्हा पण हेच म्हणालात. त्याने विचारलान, मेन बंद हा मा. तुम्ही म्हणालात बंद हा. मी भाकऱ्या थापत होते. मी बघितला सगळा.”

चुकून की मुद्दाम, ते कुशाबालाच माहीत. त्याने ते अजून सांगितलेलं नाही.

पोलिसांनी उत्तमला दोन दिवस बसवून ठेवलं आणि सोडलं. तो हत्यारं न्यायला खोलीवर गेला, तेव्हा वायर अजून पंख्याच्या हुकापाशी लोंबत होती. त्याने ओढली. सहज आली. शेवटी जोड बाहेर आला. तोच, जो त्याने स्वतः काळी टेप गुंडाळून केला होता.

टेप नव्हती. जोडावर पांढरं सूत होतं. साच्यावर तुटलेला धागा तोंडात ओला करून सांधतात तशी बारीक, घट्ट गाठ मारलेली. सूत ओलं होतं.

मिलला टाळं लागून तेव्हा कित्येक वर्षं झाली होती.

तेराव्यानंतर सुभद्राकाकू गावी निघून गेली, ती आली नाही. कुशाबा त्याच खोलीत राहतो. रघु त्याचा एकुलता एक होता.