पुढचा बाक

मधुवंती ही गोष्ट नवऱ्याशिवाय कोणालाच सांगणार नाही. मला त्यानंच, अनिमेषनं सांगितली. आणि त्याला साधी थापही धड मारता येत नाही.

गेल्या ऑगस्टमधली संध्याकाळ. सिंगापूर नदी. जुन्या लाकडी बमबोटीत प्रवासी हे दोघंच.

"ही म्हणे नदी. पुण्यातला कालवा बरा," मधुवंती म्हणाली. "हमालांनी पोती वाहिली त्या गोदामांत आता लोक बिअर पितात. यात बघायचं काय?"

पुढचा बाक रिकामा होता. त्यावर एक संत्रं आणि जळती उदबत्ती.

"मॅडम, मागे बसा," म्हातारा बोटवाला म्हणाला. "भुतांचा महिना आहे. पुढची जागा त्यांची."

"त्यांनी तिकीट काढलंय?"

दोन बोटांनी संत्रं उचलून तिनं खाली ठेवलं. उदबत्ती पाण्यात टाकली. आणि ऐसपैस बसली.

अनिमेष मागेच थांबला.

गोदामांपाशी बोट आपोआप मंदावली. काठाला नुसत्या शेवाळलेल्या पायऱ्या. कोणीच उभं नव्हतं.

तरी बोट कलली...

कोणी आत पाय ठेवावा तशी.

पुन्हा कलली. पुन्हा...

"लाट असेल," मधुवंती म्हणाली.

पाणी स्थिर होतं.

मग तिच्या खांद्याला खांदा लागला.

ओला. गार.

तिनं वळून पाहिलं. बाजूला कोणी नाही.

ती जरा सरकली. खांदा पुन्हा टेकला. आता मांडीही. तागाच्या पोत्यांचा, घामाचा वास. उठायला गेली, तर उठता येईना. ओरडायला गेली, तर आवाज फुटेना.

मागून अनिमेषला दिसत होतं ते एवढंच... रिकाम्या बाकावर बायको कडेकडेला सरकतेय.

"अगं, पडशील."

बाक संपला. तिचं अर्धं अंग पाण्यावर गेलं. आणि अगदी कानाशी...

"च्."

ऑफिसात ज्युनिअर चुकला की ती स्वतः करते ना, तसाच आवाज. तुच्छतेचा.

अनिमेषनं दंड धरून तिला मागे ओढलं. बोटवाल्यानं रिकाम्या बाकासमोर हात जोडले, स्वतःच्या भाषेत काहीतरी विनवलं.

तिच्या कुर्त्याची एकच बाजू भिजली होती.

हल्ली वन-नॉर्थच्या ऑफिसातून परतताना एमआरटीचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा, डबा कधी कधी अख्खा रिकामा असतो. ती दांडा धरून उभी राहते.

"बस ना," एकदा अनिमेष म्हणाला.

तिनं रांगेवरून सावकाश नजर फिरवली.

"कुठे?" ती हळूच म्हणाली. "जागा कुठे आहे?"

अनिमेष बसला होता. तोही उठला.