दोनदा उचललेलं झाकण

"माझं झाकण खोटं बोललं, कमलाबाई. त्यापायी माझे बाबा मरता मरता वाचले!"

साक्षी खोब्रागडे खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलून मोकळी झाली. चंद्रपुरात तिला 'झाकणवाली' म्हणत. कपडे वाळले की मोबाइलवर निरोप धाडणारी दोरी तिनं बनवली होती, शिट्टी ऐकून ओ देणारी काठी बनवली होती. दोन्हींना कुणी विचारलं नाही. मग तिनं माठाचं झाकण बनवलं. ते उचललं की दूरच्या लेकीला मोबाइलवर कळायचं, घरच्या म्हाताऱ्यानं पाणी घेतलं.

परवा जंगलाकाठच्या मोहर्ली गावात तिचे वडील बापूराव भोवळ येऊन पडले. अंगात पाणीच नाही, डॉक्टर म्हणाले. मोबाइलवर मात्र दिवसभराच्या नोंदी होत्या!

"उद्या एक दवाखाना ही झाकणं घेणार आहे. चूक माझी असली, तर दुकानच बंद करते. माझ्या भरवशावर कुणाचा बाप मेला तर?"

"कोणावर संशय?" गुप्तहेर कमला मडावींनी विचारलं.

"निकेश. माझा भागीदार होता, भांडून गेला. झाकणाचा प्रोग्राम त्याचाच."

"मग झालंच की! त्यानंच बिघडवलं," देवानंद म्हणाला. हा कमलाबाईंचा मदतनीस. जीप झकास चालवी, डोकं जरा सावकाश.

निकेश भद्रावतीत मोबाइल दुरुस्त करत होता.

"बापूभाऊ कसे हायेत?" त्यानं आधी हेच विचारलं. मग चिडला. "मी काऊन बिघडवू? हात लागल्याबिगर नोंद पडतच नाई. उचलणं अन् पिणं एक नाई, हे मी साक्षीले सांगून राह्यलो होतो. भांडण त्याच्यावरूनच झालं! हे पाहा," साक्षीच्या मोबाइलवर बोट ठेवत तो म्हणाला, "बापूभाऊच्या नोंदी जोडीजोडीनं हायेत. लागोपाठ दोन. दुसऱ्या कोणाच्याच घरी असं नाई."

"चल आमच्यासोबत," कमलाबाई म्हणाल्या.

मोहर्लीत बापूराव अंगणात बाजेवर पडले होते. लेकीला पाहून उठू लागले. "काम सोडून कायले आली, माय?"

कमलाबाई घरात शिरल्या. माठ काठोकाठ भरलेला. पेला पालथा, बुडावर धूळ.

"माठ कोण भरतं?"

"मीच," शेजारची गोकुळा म्हणाली. "पण आजकाल घागर तशीच वापस नेते. बापूभाऊची बाई होती तवा बरं होतं. भाऊ सफारीवर गाइड होता न. जंगलातून सुखरूप गेटावर पोचला का तिले मोबाइलच्या दोन रिंगा देऊन कापे. मंग ती भाकर टाके."

देवानंद कमलाबाईंच्या कानाशी लागला. "गोकुळाबाईच झाकण उचलत असंल!"

"भरायला ती एकदा उचलेल, देवा. दिवसभर कशाला?"

त्या अंगणात आल्या. "साक्षी, झाकण खरंच बोललं. निकेशनंही काही केलं नाही. पेल्यावर धूळ, माठ भरलेला, म्हणजे पाणी कुणी प्यालंच नाही. तरी झाकण उचललं जायचं, नेहमी दोनदा. या घरात दोन रिंगांचा अर्थ एकच. मी ठीक आहे, काळजी करू नको. बापूभाऊ, तुम्ही लेकीला मिस्ड कॉल देत होता ना?"

बापूरावांनी मान खाली घातली.

"झाकण नाई उचललं का हिचा फोन ये. मोठ्या लोकाईसमोरून उठून बोले. म्हटलं, पोरीचं काम काऊन मोडाचं? दोनदा उचललं का तिले समजते, बाप बरा हाय."

"अन् पाणी, बाबा?"

"तहानच नाई लागत. तुही माय पेला हातात दे, तवा पेत होतो."

"अन् मले वाटलं तुम्ही पाणी पिऊन राह्यले! म्हणून तर मी फोन करणं सोडलं!" साक्षी बाजेवर बसली आणि हमसून हमसून रडली.

निकेश घरात जाऊन माठ हलवून पाहून आला. "माठाखाली वजनकाटा बसवू, पाणी खरंच कमी झालं का ते कळंल," तो हळूच म्हणाला. "दुकानात येतो मी परत."

साक्षीनं दवाखान्याला खरं ते सांगून टाकलं. नवं झाकण आणा, मग बघू, ते म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात कमलाबाई आणि देवानंद मोहर्लीला गेले, तेव्हा बापूराव वाघाची गोष्ट सांगत होते. गोष्टीतला वाघ अगदी जीपपाशी आला, आणि माठाचं नवं झाकण दोनदा वाजलं.

"बिघडलं वाटतं," देवानंद म्हणाला.

"थांब जरा," बापूराव उठले. "चंद्रपूरले पोरीनं आपली पाण्याची बाटली उघडली का हे वाजते. आता मलेबी प्यावं लागते."

त्यांनी पेला भरला आणि सगळा प्यायले.