अबोली साडीची अदलाबदल

जुनी साडी चोरीला गेली आणि तिच्या जागी कोणीतरी नवी कोरी ठेवली, अशी तक्रार घेऊन गेलं तर पोलीस आधी पेढे मागतील. म्हणून सुखदा दीपमाला शेवाळेंकडे आली.

दीपमालाबाईंचं चिंचवडचं ऑफिस मुख्यतः लग्नाळू आयटी मुलांच्या चौकशीवर चाले: पगार खरा का, फ्लॅट स्वतःचा का, आणि आधीची मैत्रीण नक्की आधीचीच का. मदतीला सयाजी होते. देहूरोडच्या लष्करी कारखान्यात तीस वर्षं त्यांनी गुप्तता पाळली होती. निवृत्तीनंतर त्याची भरपाई चालू होती.

सुखदाची आई शैला अकरा महिन्यांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात सुखदा कंपनीच्या कामासाठी परदेशी होती. दवाखान्यात नेताना आईच्या अंगावर एक अबोली सुती साडी होती. ती तशीच घडी होऊन कपाटात गेली.

पुढे वहिनीने, नेहाने, आईच्या साड्या ऑनलाइन विकायची टूम काढली. आधी तिने असं अॅप निवडलं जिथे गिऱ्हाईक घरी येऊन वस्तू आहे तशी नेतं. एका बाईने पैठणीच्या बदल्यात वापरलेला मिक्सर देऊ केला. अबोली साडी महाळुंग्याच्या कुणीतरी पहिल्याच दिवशी राखून ठेवायला सांगितली आणि ‘उद्या येतो’ म्हणत तीन आठवडे तो आलाच नाही. नेहा वैतागली. रविवारी जेवताना तिने जाहीर केलं, की आता दुसरी वेबसाइट. ते लोक घरी पिशवी पाठवतात, सगळं घेऊन जातात, मशीनमध्ये धुतात, इस्त्री करतात आणि विकतात. कटकट नाही.

पिशवी तिने आधीच मागवून घेतली होती. त्याच दुपारी बाबांच्या हॉलमध्ये चौदा साड्या पिशवीत भरल्या गेल्या. मंगळवारी संध्याकाळी नेहा आणि सुखदाचा भाऊ मिहिर येऊन पिशवी बंद करून गेले, बुधवारी ती रवाना झाली. सुखदा पुन्हा परदेशीच होती; तिने व्हिडिओ कॉलवरच सगळ्याला मान डोलावली होती.

“गुरुवारी मी परत आले आणि बाबांकडे ते रिकामं कपाट उघडलं,” ती म्हणाली. “मला फक्त ती एक साडी हवी होती. वेबसाइटला फोन केला. त्यांच्या यादीत तेरा वापरलेल्या आणि एक नवी, फॉल न लावलेली. अबोली. आई फॉल-बिडिंग झाल्याशिवाय साडी कपाटातसुद्धा ठेवायची नाही, ताई. वहिनीने काहीतरी केलंय. मला ती परत हवी.”

पहिली नेहा. वाकडच्या तेराव्या मजल्यावर तिने चहाबरोबर नाराजीही दिली. तिच्या मोबाइलवर जुन्या अॅपच्या सगळ्या जाहिराती शाबूत होत्या. प्रत्येक साडीखाली रंग, लांबी आणि ‘फॉल लावलेला’ अशी नोंद. चौदाच्या चौदा.

मग सुखदाचे बाबा, मुकुंदराव. पिंपरीतल्या साड्यांच्या दुकानात त्यांची तीस वर्षं गेली होती. वेबसाइटवरचा फोटो पाहताच ते म्हणाले, “ही मिलची. शैलाची हातमागाची होती. आणि बिनफॉलाची साडी जुनी म्हणून खपवणारा गडी आमच्या दुकानात दुपारपर्यंत टिकला नसता.”

अंबुबाई रोज मुकुंदरावांकडे धुणंभांडी करी. “धुऊन ठिवा म्हनल्या नेहाताई,” ती म्हणाली. “आमी दर रैवारी सकाळी ती साडी बादलीत टाकायची, पानी भरून यावं तर साडी न्हाई. पुन्ना कपाटात. रैवारी घर भरल्यालं असतंय, कुणाला इचारू?”

शेवटी भाऊ, मिहिर. तो महाळुंग्यातल्या एका कारखान्यात इंजिनियर होता. आत बाहेरच्यांना बंदी, म्हणून पार्किंगमध्ये त्याच्या गाडीतच बसून बोलणं झालं. एसी बिघडलेला, काचा बंद. सयाजींचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी काचेच्या बटणाकडे हात नेला तर मिहिर म्हणाला, “राहू द्या काका, धूळ येते.” आई गेली, कपडे मागे राहिले, माणसाने प्रॅक्टिकल असावं, हे त्याने दहा मिनिटांत तीनदा सांगितलं.

परतताना सयाजींनी निकाल देऊन टाकला. “म्हातारा हाय, बाई. दिवसभर पिशवीजवळ तोच.”

“तुमचं म्हणणं बरोबर असतं तर साडीला फॉल असता,” दीपमालाबाई म्हणाल्या आणि पुढचं रविवारपर्यंत राखून ठेवलं.

रविवारी मुकुंदरावांच्या हॉलमध्ये सगळे जमले. सुखदा नेहापासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसली होती.

“चोराला साडी हवी होती आणि चौदाचा आकडाही सांभाळायचा होता,” दीपमालाबाई म्हणाल्या. “म्हणून त्याने दुकानातून तशीच आणली आणि तशीच पिशवीत घातली. नव्या साडीला फॉल नसतो, तो नंतर लावून घ्यावा लागतो, हे नेहाला माहीत आहे, अंबुबाईंना आहे. ज्याने जन्मभर साड्या फक्त दुसऱ्यांच्या अंगावर पाहिल्या, त्याला नाही. म्हणजे पुरुष. मुकुंदराव तर डोळे मिटून ओळखतील.”

सयाजींनी मनातल्या मनात पुरुष मोजले. एकच उरला.

“पण केव्हा? तीन आठवडे साडी सुरक्षित होती, कारण महाळुंग्याच्या गिऱ्हाइकाने अडवून ठेवली होती. त्याला ती न्यायची नव्हती. दुसऱ्या कुणी नेऊ नये एवढंच हवं होतं. नेहाने वेबसाइट बदलली आणि ती अडवणूक संपली. मग मंगळवारी पिशवी बंद करताना अदलाबदल झाली. शिवाय ही वेबसाइट कपडे धुते. बादलीतून साडी कोण काढतं, तर जो एरवी फक्त रविवारी इथे येतो. न धुतलेल्या साडीत असं काय असतं, जे काच उघडली तर निघून जाईल? मिहिर, काचा धुळीसाठी बंद नव्हत्या.”

मिहिर उठला, खाली गेला आणि गाडीतून चेन लावलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला.

“मागायचंस की,” नेहा हळूच म्हणाली.

“अकरा महिने सगळ्यांना प्रॅक्टिकल व्हा म्हणून सांगितलं,” तो म्हणाला. “कुठल्या तोंडाने मागू?”

सुखदाने पिशवी उघडली, घडीत तोंड खुपसलं. मग ती मान वर करून म्हणाली, “वास नाही येत रे, दादा.”

“मलाही आठ दिवस येत नाहीये. म्हटलं, सर्दी असेल.”

मुकुंदरावांनी हात पुढे केला. साडी घेऊन दुकानदाराच्या सवयीने आधी तिचा काठ बोटांत चोळला आणि मग ती नाकाशी नेली.

“येतोय,” ते म्हणाले. “पदराच्या आतल्या बाजूला. नीट बघा.”

दोघं भावंडं त्यांच्या दोन्ही बाजूंना येऊन साडीवर वाकली. माणूस खोटं बोलतोय हे सयाजींना आयुष्यात पहिल्यांदाच बाईंच्या आधी कळलं. त्यांनी दीपमालाबाईंकडे पाहिलं. त्या पर्समध्ये काहीतरी शोधण्यात अगदी गढून गेल्या होत्या.