येतानाचे नऊ हजार किलोमीटर

“लवकर या हो! माझं ऑर्किड कोणीतरी कापलंय!”

फोनवर म्हातारा रडत होता. पोलीस निरीक्षक बाई पोचल्या तेव्हा अडीच वाजले होते. काचघराची एकही काच फुटलेली नव्हती. कुलूप किल्लीनेच उघडलेलं. कुंडीत नुसता खुंट उरला होता आणि जमिनीवर निळ्या पाकळ्यांचा चुरा.

“अकरा वर्षं खपलो यासाठी,” म्हातारा म्हणाला. “आज चारला प्रदर्शनाचे परीक्षक येणार होते. फुलाला धाकटीचं नाव द्यायचं ठरलं होतं. एकला जेवायला घरात गेलो, दीडला परत येतो तर हे!”

“किल्ल्या कोणाकडे?”

“माझ्याकडे आणि दोघी मुलींकडे.”

धाकटी बारापासून पावणेदोनपर्यंत प्रदर्शनाच्या कचेरीत अर्ज भरत बसली होती. तिथल्या कारकुनानेही तेच सांगितलं. तिथून ती तडक विमानतळावर गेली होती, आठवडाभर परदेशी गेलेल्या थोरलीला आणायला. दोघी नुकत्याच घरी पोचल्या होत्या.

थोरली दारातच उभी होती. खांद्याला एकच पिशवी.

“तुम्ही कधी उतरलात?”

“दोनला. विमान आपल्या घड्याळाने पहाटे तीनला सुटलं. प्रवास अकरा तासांचा.”

“नक्की अकरा?”

“पश्चिमेला जाताना अकरा लागले, म्हणजे येतानाही तेवढेच. नऊ हजार किलोमीटर येताना काय आटतात?”

“फुलाला बहिणीचं नाव देणार, हे कधी कळलं?”

“परवा. बाबा फोनवर तासभर तेच सांगत होते. मी कशी आहे, एवढं विचारायचं राहून गेलं.”

बाईंनी अंगणात जाऊन एक फोन केला. परतल्या त्या सरळ थोरलीसमोर.

“अंतर तेवढंच, वेळ मात्र तेवढा नाही. त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेला सुसाट वाहतो. जाताना तो विमानाच्या तोंडावर होता, येताना पाठीवर. तुम्ही साडेनऊ तासांत पोचलात. आत्ताच विमानतळावर विचारलं, विमान साडेबाराला उतरलंय. सामानासाठी थांबायचं नव्हतं. टॅक्सीने इथे पंधरा मिनिटं. बाबा एकला जेवतात हे घरच्यांनाच ठाऊक. फूल कापलंत, आणि दोनच्या आत पुन्हा विमानतळाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिलात.”

“ताई, नाही ना गं?” धाकटीचा आवाज फुटला.

“हो, मीच!” थोरली उसळली. “पहिली रोपं कोणी रुजवली होती, बाबा? कॉलेज बुडवून कोण बसायचं इथे? ही तर तेव्हा काचघरात पाऊलही टाकायची नाही. आणि नाव हिचं?”

म्हातारा तिच्याजवळ आला. तिचे डोळे भरून आले, हात अर्धवट पुढे झाला.

“मुळांना धक्का नाही ना लावलास?” त्याने विचारलं.

थोरलीने हात मागे घेतला. धाकटी मान खाली घालून उभी होती.

“चला, बाई,” थोरली म्हणाली, आणि निरीक्षक बाईंच्या आधी स्वतःच गाडीकडे चालू लागली.